डीकन टिलरीची दुनळी

“नळी फुटली तर निदान चष्मा तरी वाचू दे,” असं म्हणत इडेलाने नवऱ्याच्या नाकावरून चष्मा काढून घेतला. मग चष्म्याशिवाय त्याला कुंपणसुद्धा दिसणार नाही हे ध्यानात आलं, तेव्हा मुकाट्याने परत लावून दिला.

होझिया टिलरीचं लक्ष हातातल्या कामात होतं. बापाची दुनळी बंदूक मांडीवर घेऊन तो तिच्यावरून तेलाचं फडकं फिरवत होता. जॉर्जियाच्या त्या टापूत त्या बंदुकीचा लौकिक भल्याभल्या माणसांहून मोठा होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यात ती घडली. कारखाना बंद पडला, घडवणारे देवाघरी गेले, बंदूक राहिली. एकदा ती नदीत पडली आणि अख्खा हिवाळा गाळात काढून वसंतात वर आली. एकदा तिच्यावर खेचराने पाय दिला. खेचर लंगडलं. बाप गेल्यापासून तिचा बार मात्र कुणी ऐकला नव्हता.

आज ऐकायचा होता, आणि तोही रेव्हरंड मेह्यूंसाठी.

म्हातारे रेव्हरंड प्रवचन सुरू करत ते साधं बोलून. मग शब्दांना हळूहळू सूर चढे, ऑर्गनवाली बाई मागून उत्तर देऊ लागे, आणि बायबलातल्या योनाला माशाने गिळेपर्यंत सगळं चर्च उभं राहून डोलत असे. स्वर्गाचं दार उघडत असेल तर याच सुरावर, अशी होझियाची श्रद्धा होती. पण हल्ली रेव्हरंडांना मधेच दम लागे, योना माशाच्या पोटात फार वेळ राही आणि घरोघरची जेवणं गार होत. सिस्टर अर्झुला बँक्स यांच्या पक्षाला आता अटलांटाचा तरुण पाळक हवा होता. तो कागदावरून वाचे आणि वेळेवर संपवी.

मतं समसमान पडली. चिठ्ठ्या टाकणं म्हणजे जुगार, असं अर्झुलाबाईंचं म्हणणं. तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या नेमबाजीतच काय तो निकाल लावायचं ठरलं. ही नेमबाजी तिथली जुनीच. कुंपणाला पुठ्ठ्याचे चौकोन टांगायचे, प्रत्येकावर मधोमध फुली. ज्याचा छर्रा फुलीच्या सगळ्यांत जवळ लागेल तो जिंकला. एरवी डुकराची खारवलेली तंगडी मिळे. या वर्षी पाळक मिळणार होता.

म्हाताऱ्या रेव्हरंडांच्या बाजूने होझिया उभा राहिला. समोर अर्झुलाबाईंचे यजमान, म्हणजे होझियासारखेच चर्चचे कारभारी, दुसरे डीकन, क्लिओफस बँक्स. हातात नवीकोरी बंदूक, आणि नेम असा की थव्यातला कुठला लावा पक्षी पाडणार ते आधी सांगून पाडायचे. घरात ते फारसे बोलत नसत. बोलायला जागाच नसे.

नेमबाजीच्या आधी क्लिओफसने होझियाला बाजूला घेतलं.

“पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्या आहेत त्या, ब्रदर. आजकालची दारू त्यांना सोसायची नाही. बोटं जातील तुझी. माझी बंदूक घे.”

“तुझी? ती सार्डिनचा डबा आहे. तुझ्या नातवाच्या लग्नापर्यंत टिकली तर त्यात फुलं लाव.”

क्लिओफसने सुस्कारा सोडला. “बरं. मग दोघांनी एकदमच बार काढू. माझ्या आवाजाने तू आधीच दचकायला नकोस.”

टोमणा होझियाला झोंबला, पण त्याने होकार दिला.

आकडे मोजायचं काम रेव्हरंडांकडेच आलं, कारण खोटं मोजणार नाही असा दोन्ही पक्षांना भरवसा वाटणारा तेवढाच एक माणूस होता. त्यांनी ‘एक’ साधा म्हटला. ‘दोन’ला सूर लावला. आणि ‘तीन’वर अशी तान घेतली की होझियाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचं धूसर झालं, तेव्हा त्याने देवाचं नाव घेऊन डोळे मिटले आणि चाप ओढला.

कावळ्यांचा थवाच्या थवा उडाला. होझियाने एक डोळा उघडून बोटं पाहिली. सगळी जागेवर होती. खांद्याला धक्कासुद्धा बसला नव्हता.

“लोणी आहे लोणी,” तो इडेलाला म्हणाला. “बापाची बंदूक घरच्या माणसाला लाथ मारत नाही.” आणि बंदूक तिच्या हाती देऊन तो कुंपणाकडे धावला.

त्याच्या पुठ्ठ्यावर एक छर्रा फुलीच्या ऐन काळजात बसला होता. क्लिओफसचा पुठ्ठा कोरा. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. लोक हसून हसून लोळले. नव्या बंदुकीला कुंपण सापडत नाही, आणि जुनीला मालकाने डोळे मिटले तरी चालतं, असं जो तो म्हणू लागला. नळ्या फुटणार म्हणून आठवडाभर सांगत फिरणाऱ्या लोहाराने सगळ्यांदेखत टोपी काढून त्या बंदुकीला सलाम केला.

अर्झुलाबाई नवऱ्याला गाडीपर्यंत आणि गाडीत बसल्यावरही बोलत होत्या. क्लिओफस टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. त्याचे ओठ हलत होते, बोटं स्टिअरिंगवर तालात पडत होती. बिचारा देवाची क्षमा मागत असावा, असं वाटून होझियाला त्याची कीव आली.

मग रेव्हरंडांनी आभाराची प्रार्थना गायली. टर्की गार झाली. या खेपेला कुणी कुरकुरलं नाही.

घरी आल्यावर इडेलाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि या बंदुकीविरुद्ध पुन्हा अवाक्षर काढणार नाही अशी कबुली दिली. होझिया समाधानाने खुर्चीत बसला. असं लोखंड आता होत नाही, असं तिला सांगता सांगताच त्याने काडतुसाचं रिकामं टरफल काढायला बंदूक बिजागरीवर मोडून उघडली.

उजव्या नळीत सकाळी घातलेलं एकुलतं एक लाल काडतूस होतं. भरलेलं, न उडालेलं.