कानातली मंजिरी

शालनताईंनी मुद्दाम परीक्षा पाहायला वाढलेली जिलबी भालचंद्ररावांनी हसत बाजूला सारली. "नको, मंजिरी रागावेल."

मंजिरी म्हणजे दवाखान्याने त्यांच्या कानात बसवलेलं, बाईच्या आवाजात पथ्य सांगणारं यंत्र. तिच्या एका शब्दावर ते पहाटे फिरायला जात. साखर आटोक्यात आली होती, शालनताईंचा मात्र जळफळाट होत होता. जन्मभर त्यांनीही हेच सांगितलं होतं.

शेवटी त्या डॉक्टरांकडे गेल्या. "त्या बाईऐवजी माझा आवाज घाला."

डॉक्टर अवघडले. "ताई, सुरुवातीला त्यांच्या फोनमधून घेऊन तुमचाच घातला होता. पण भालचंद्रराव यंत्र कानातून काढून ठेवायचे."

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, ती असं काय वेगळं सांगते?"

भालचंद्रराव ओशाळले. "सांगत नाही गं. आधी विचारते, आज कसं वाटतंय म्हणून."

"आणि मला? मला कोण विचारतं?" शालनताई म्हणाल्या.