तोंडी परीक्षा

“कशी आहेस असं विचारायचं, तर उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा,” जर्मनच्या बाईंनी पहिल्याच तासाला बजावलं होतं. “आपण जाता जाता विचारतो आणि जाता जाताच ‘बरी आहे’ म्हणून मोकळे होतो. त्या लोकांत तो खरोखरचा प्रश्न असतो. वेळ नसेल तर विचारूच नका.”

वर्गातली एकटी लग्न झालेली, एका लेकराची आई, म्हणून जिला सगळे वहिनी म्हणत, ती मागच्या बाकावरून म्हणाली होती, “बाई, मला तर ‘बरी नाही’ म्हणायलासुद्धा वेळ नाही.” वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत.

आज तोंडी परीक्षा होती. वहिनीचा मुख्य विषय रसायनशास्त्र. मायनरला जर्मन, म्हणजे घरच्यांच्या मते नसती उठाठेव. “मराठीत तुझं या घरात कोणी ऐकत नाही, जर्मनमध्ये कोण ऐकणार आहे?” असं नणंद म्हणायची, पण मुलीला सांभाळायला धावून यायची तीच. आज मुलगी तापाने फणफणली होती. तिला नणंदेच्या खांद्यावर टाकून वहिनी निघाली खरी, जीव मात्र तिथेच राहिला.

जोडीला मुंगी होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात, सदा मान खाली घालून कामात, म्हणून मुंगी. चिठ्ठी निघाली : डॉक्टर आणि पेशंट. वहिनी डॉक्टर. तिला हायसं वाटलं. हा धडा सगळ्या वर्गाने घोकून ठेवला होता. घसा दुखतो, कधीपासून, या गोळ्या घ्या, धन्यवाद. संपलं.

वर्गाच्या बाईंना आत बसायची मुभा नव्हती. बाहेरून आलेले परीक्षक समोर होते.

“काय होतंय?” वहिनीने जर्मनमध्ये विचारलं.

मुंगी घशावर आलीच नाही. “झोप लागत नाही,” ती म्हणाली, तीही जर्मनमध्येच. “जेवण जात नाही. सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली.”

परीक्षकांनी चष्मा वर सारला. वहिनीला कळेना, ही बया धडा सोडून कुठे निघाली? आता पुढे काय विचारायचं? तेवढ्यात पिशवीतला फोन थरथरला.

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“घरी कोण असतं?” हा प्रश्न धड्यात नव्हता. वहिनीचा स्वतःचा होता, आणि तो बिनचूक जमला म्हणून ती मनातल्या मनात खूश झाली.

“कोणी नाही. आई होती.”

फोन पुन्हा थरथरला. वहिनीने धड्याचा शेवट गाठला. “या गोळ्या घ्या. भरपूर पाणी प्या. विश्रांती घ्या. लवकर बऱ्या व्हा.”

“धन्यवाद, डॉक्टर,” मुंगी म्हणाली, आणि तशीच बसून राहिली, डॉक्टर अजून काही बोलतील म्हणून. परीक्षकांनी टाळी वाजवली. “वा! अगदी खरं वाटलं!”

बाहेर आल्यावर वहिनीने तिच्या पाठीत धपाटा घातला. “सगळे मार्क तूच खायला उठलीस की गं! कधी पाठ केलंस एवढं?”

“पाठ नाही केलं, वहिनी.”

“मग तर कहरच!” वहिनीचे डोळे फोनवर होते. नणंदेचेच फोन येऊन गेले होते. ती जिन्याकडे पळाली आणि वळणावरून, आपली रीत म्हणून, ओरडली, “बरी आहेस ना गं?”

उत्तर आलंही असेल. तोवर ती फाटकाबाहेर होती.

घरी पोचली तेव्हा ताप उतरला होता. घाम येऊन मुलगी निजली होती. परीक्षेची हकिगत ऐकत नणंदेने चपला घातल्या. “डॉक्टर झालीस म्हणे! मग आता सांभाळ तुझा पेशंट,” असं म्हणून ती आपल्या घरी गेली.

वहिनी पाळण्याशी बसली. सवयीने मुलीच्या नाकाशी बोट धरलं. बोटाला उबदार श्वास लागला. आणि बोट तसंच असताना मुंगीची वाक्यं एकेक करून परत आली. या वेळी मराठीत. जर्मनमध्ये तो धडा होता. मराठीत आल्यावर त्यात धड्याचं काहीच उरलं नाही.

तिने मुंगीला फोन लावला. बंद. बाईंचा वाजत राहिला. वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, ‘मुंगी कुणाला दिसली का?’ कुणीतरी अंगठा पाठवला. नवरा कामावर, परगावी. नणंदेला परत बोलवायला फोन लावला, तर तिचा फोन इथेच, उशीखाली वाजला. नणंद तो विसरून गेली होती.

मुलगी पुन्हा तापली आहे. तिला घेऊन वहिनीला निघता येत नाही, टाकून तर मुळीच नाही.

तेव्हा तुम्हीच जा. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर छपाईचं दुकान आहे, त्याच्यावरची खोली मुंगीची. जिन्याला कठडा नाही, भिंतीच्या कडेने चढा. दार वाजवा. बरी आहेस का, विचारा. मराठीतच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.