ब्लूबेरीचं काढ

नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमच्या किनाऱ्यावर पळता पळता इंगुनने एनर्जी जेलची पुडी फोडून चाटली. थोड्याच वेळात तिला दरदरून घाम फुटला आणि कठड्याला धरून ती भडाभडा ओकली. सायकलवरून सोबत येणारा तिचा नवरा ऑडवार वैतागला.

"बास कर गं! लिंबाचं झालं, कॉफीचं झालं, आता हे. मॅरेथॉन नाही पळालीस तर कुणाचं अडलंय?"

"माझं. ब्लूबेरीचं काढ."

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

तिने ब्लूबेरीची अर्धी पुडी पाण्यात मिसळली, घोट घोट प्यायली, जरा खाली बसली. या वेळी ते आत टिकलं.

"कॅन्सरमुळे सगळं जठर काढलंय, आता पळणं विसरा, असंच म्हणाले ना?" बुटाची नाडी आवळत ती उठली. "जठर काढलंय रे. पाय नाही काढलेले."