जिनिंगमधली बोली

गावातल्या बंद पडलेल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, आता नाट्यगृह झालंय. तिथं राबलेल्या बायांवरच्या नाटकाची तालीम चालली होती. मी आणि माझी मैत्रीण सुपडाबाई, आम्ही दोघींनी वीस वर्षं तिथंच काम केलेलं, म्हणून दिग्दर्शक मुलीनं बोलावलं होतं. सुपडाबाई यायला तयार नव्हती. वर्षापूर्वी घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला. लिहिता येत नाही, त्यामुळे तिचं बोलणंच संपलेलं. मी तिला ओढूनच आणली.

स्टेजवर मुली यंत्रापाशी बसून मजेत गप्पा मारत होत्या. मला हसूच आलं.

"काय चुकतंय, आजी?" दिग्दर्शक मुलीनं विचारलं.

"अगं, यंत्रं अशी धडधडायची की शेजारणीचं ऐकू यायचं नाही. आम्ही हातांनीच बोलायचो."

"दाखवा ना."

मी वर गेले. हातांचा पाळणा करून झुलवला, म्हणजे लेकराला पाजायची वेळ झाली. उजव्या हातानं मिशी पिळली, म्हणजे मुकादम आला.

खालून टाळी वाजली. सुपडाबाई उभी होती. तिनं नकारार्थी मान हलवली, डाव्या हातानं मिशी पिळली आणि माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. मुकादम डावखुरा होता, विसरलीस, वेडे.

मी स्टेजच्या कडेला तिच्यासमोर आले. वर्षभर तिच्यापुढं एकटीच बडबडत होते, आणि ही बोली मला एकदाही आठवली नव्हती.

सुपडाबाईचे हात चालूच होते.

"काय म्हणतायत त्या?" मुलीनं विचारलं.

"थांब गं," मी म्हटलं. "तिचं अजून संपलेलं नाही."