रक्ताची ओढ

इदिरचा जन्म फ्रान्समधला, आईबाप अल्जीरियाचे. तो कोणत्या देशाकडून फुटबॉल खेळणार, हे शेवटी आईच ठरवणार. म्हणून अल्जीरियाच्या संघाचे बूआलेमसाहेब शुक्रवार गाठून तिच्या फ्रान्समधल्या घरी कुसकुस जेवायला आले.

"वर्दियाताई, जन्मगावाचं काय घेऊन बसलात? बोट धक्क्याला लागली म्हणून धक्क्याची होते का? रक्त बोलतं हो, रक्त!" दुसऱ्यांदा वाढून घेत ते म्हणाले.

ताईंनी डोळे पुसले. इदिरनं तिथूनच फ्रान्सच्या प्रशिक्षकांना फोनवर कायमचा नकार कळवला.

 

निघताना बूआलेमसाहेब दारात घुटमळले. "ताई, सुनेला सातवा लागलाय. बाळंतपणापुरती तुमच्याकडे ठेवून घ्याल? मूल फ्रान्समध्ये जन्मलेलं बरं."