पेंढ्याचं रेडकू

म्हैस पेंढा भरलेल्या रेडकाला चाटत होती आणि जनावरांच्या सुखदुःखाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरबाई तिच्या हृदयाचे ठोके मोजत होत्या. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते, म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवतात. त्यानं तिचा ताण खरोखर उतरतो, हे बाईंच्या संशोधनानं सिद्ध झालं.

वर्षभरानं त्या गोठ्यावर परत आल्या, तर प्रत्येक म्हशीपुढे पेंढ्याचं रेडकू.

“साथ आली होती का?”

“छे हो, मॅडम!” मालक हसले. “जिवंत रेडकू निम्मं दूध पितं. आणि पेंढ्याचं ठेवलं तरी म्हशीला दुःख होत नाही, हे तुम्हीच तर छापून आणलंत.”

कोपऱ्यात सकाळी जन्मलेलं रेडकू उभं राहायला धडपडत होतं. शेजारी बसून गडी पेंढा मऊ करत होता.