भेटीची वेळ : चार ते पाच

सात नंबरच्या खाटेवरची मुलगी तिसऱ्या दिवशीही तापाने फणफणलेलीच होती. डॉक्टरांनी केसपेपर चाळला आणि सिस्टरला विचारलं, "हिच्या घरी कळवलंय का?"

"कळवलंय."

"कोणी येणार आहे?"

"आईची नोकरी आहे. ड्यूटी सुटली की येईल."

डॉक्टर मान हलवून आठ नंबरकडे वळले. विद्यापीठाने त्यांना साथीपुरतं बाहेरून बोलावलं होतं. त्यांना मुलींची नावं लक्षात ठेवायला सवड नव्हती, खाटांचे नंबर तेवढे पाठ झाले होते.

फ्लू वसतिगृहातून पसरला. एका खोलीत तिघीतिघी, परीक्षेचे दिवस, थंडी म्हणून खिडक्या बंद. एक शिंकली की चौथ्या दिवशी अख्खा मजला खोकायला लागायचा. शेवटी जिमखान्यातला टेबल टेनिसचा हॉल रिकामा करून मुलींसाठी चौदा खाटा टाकल्या. विद्यापीठाच्या दवाखान्यात सिस्टर दोनच. त्यातली धाकटी पहिल्याच आठवड्यात स्वतः आडवी झाली. मग थोरली सकाळी आठला यायची ती रात्री आठलाच हलायची.

हॉलच्या दारावरचे नियम तिनेच लिहून चिकटवले होते. मास्कशिवाय आत यायचं नाही. एकीचा पेला दुसरीने घ्यायचा नाही. नातेवाइकांनी बाहेरच्या मोठ्या खिडकीशी यावं, चार ते पाच, आणि काचेतून बघत फोनवर बोलावं. दार कोणालाही उघडणार नाही.

अकरा नंबरचे वडील रात्रभर प्रवास करून आले होते. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. ते दारातच अडून बसले.

"मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच सांगते. उद्या तुम्ही अंथरूण धरलंत तर तिच्याकडे कोण बघणार?"

"पाच मिनिटं फक्त."

"पाच मिनिटं पुरतात फ्लूला."

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला पोरंबाळं असती म्हणजे कळलं असतं."

सिस्टरने एक मास्क त्यांच्या हातावर ठेवला आणि खिडकीकडे कसं जायचं ते दाखवलं. मग पाच नंबरला उलटी होत होती म्हणून ती आत गेली.

दुपारी डॉक्टरांनी लसीची यादी मागवली. चौदाजणींपैकी बाराजणींनी लस घेतलेली नव्हती.

"दोन महिन्यांपूर्वी शिबिर झालं ना?"

"तीन दिवस चाललं. वर्गावर्गांत जाऊन सांगितलं."

"आणि ही सात नंबर?"

"परीक्षेनंतर घेते म्हणाली."

"दंड धरून टोचायची होती तुम्ही."

"एवढ्या मोठ्या मुली ऐकतात होय," सिस्टर म्हणाली आणि यादीची घडी घातली.

चौथ्या दिवशी सात नंबरच्या छातीत कफ उतरला. ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावला तर आकडा एक्याण्णव. डॉक्टरांनी नळी लावायला सांगितली आणि इंजेक्शन लिहायला पेन काढलं.

"पेनिसिलिन नको," सिस्टर म्हणाली. "तिला चालत नाही. अंगभर गांधी उठतात, घसा सुजतो."

"केसपेपरवर कुठे आहे तसं?"

"लिहायचं राहिलं. माझी चूक."

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "भलतंच महागात पडलं असतं, सिस्टर."

"हो."

तिने तिथेच उभ्या उभ्या लाल शाईने ते लिहिलं. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. आकडा नव्वदच्या खाली गेला तर तिला मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं, असं ठरलं. ॲम्ब्युलन्सवाल्याला तयारीत राहायला सांगितलं.

दर पंधरा मिनिटांनी सिस्टर आकडा बघत होती. मधल्या वेळात तिने दोन नंबरचा ताप मोजला, नऊ नंबरची चादर बदलली, घरी जायचं म्हणून रडणाऱ्या अकरा नंबरला गप्प केलं. कोणाची पाळी चुकवली नाही. औषधाचा ट्रे धरताना मात्र एकदा त्यातल्या बाटल्या किणकिणल्या, तेव्हा तिने तो टेबलावर ठेवला आणि मग एकेक बाटली हातात घेऊन गेली.

अडीचच्या सुमाराला सात नंबरने डोळे उघडले.

"सिस्टर, पाणी."

सिस्टरने तिच्या मानेखाली हात घातला आणि चमच्याने पाणी पाजलं.

"किती आहे?" मुलीने विचारलं.

"ब्याण्णव."

"पास?"

"काठावर. बोलू नकोस, दम लागेल."

संध्याकाळपर्यंत आकडा पंच्याण्णववर आला. सिस्टरने ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन करून जेवायला जायला सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी मुलीचा ताप उतरला आणि तिने अर्धी वाटी पेज खाल्ली.

त्याच दुपारी धाकटी सिस्टर बरी होऊन कामावर हजर झाली. "ताई, आरशात तोंड बघा जरा," ती म्हणाली. "चार्ज द्या आणि निघा."

थोरलीने चौदा खाटांची माहिती दिली, प्रत्येकीची एकेक ओळ. मग कोपरापर्यंत हात धुतले, गणवेश उतरवून पिशवीत भरला आणि घरचे कपडे घातले. फाटकापाशी डॉक्टर गाडीत बसत होते.

"झोपा आता दोन दिवस," ते म्हणाले. "बस स्टॉपवर सोडू का?"

"नको, मला थोडं काम आहे."

गाडी गेल्यावर ती इमारतीला वळसा घालून मागे आली. चार वाजून गेले होते. खिडकीशी सहा-सात माणसांची रांग होती. ती शेवटी उभी राहिली. तिच्या पुढे अकरा नंबरचे वडील होते. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि जरा ओशाळून बाजूला झाले.

"सिस्टर, तुम्हाला कशाला रांग? तुम्ही दारातून आत जा की."

"माझी ड्यूटी संपली. आता मला आत जाता येत नाही."

रांग हळूहळू पुढे सरकली. ते वडील लेकीशी बोलले, डोळे पुसले आणि निघून गेले. सिस्टर काचेशी आली आणि तिने पर्समधून फोन काढून नंबर लावला. आत धाकटीने सात नंबरच्या मुलीला आधार देऊन खुर्चीत बसवलं. मुलीने मांडीवरचा फोन उचलला, कानाला लावला आणि काचेपलीकडे पाहिलं.

"आज लवकर सुटलीस गं, आई."